छाट

मंगळवारी अकराला, विजापूर रोडवरच्या आश्रमात
पंखा गरम हवाच ढवळत होता.
अर्ज चार पानी.
रकाना अकरा: मनोरुग्ण आहे का? हो / नाही.
रकाना बारा: मतिमंद आहे का? हो / नाही.
बारामधला तो शब्द मी दर वेळी खोडते,
वर लिहिते, बौद्धिक अपंगत्व.
छापखाना पुढच्या गठ्ठ्यात तोच पाठवतो.

समोर यल्लव्वा गाजूल. वय अंदाजे एकाहत्तर.
बोटांच्या पेरांना तंबाखूचा रंग, पन्नास वर्षांचा.
मागे बाकावर भाऊ, सिद्राम,
खांद्यावर नवा टॉवेल, लेबल न काढलेला.

आज वार कोणता?
"पाण्याचा चौथा दिवस. उद्या नळ येतंय."
मी कागद बघितला. उत्तर: मंगळवार.
शून्य लिहिलं.

शंभरातून सात वजा करा, आलं त्यातून परत सात.
"सात कशाला ओ? पंचवीस काढा की. कट्टा होतंय."
आणि शंभर, पंचाहत्तर, पन्नास, पंचवीस
सपासप, बोटं आपोआप दोरा गुंडाळत.
याला गुण किती, ते पुस्तिकेत नाही.

तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा.
आंबा. खुर्ची. रुपया.

कानात आवाज येतात का, कुणी दिसत नसताना?
"येतात की. रात्री माग चालतंय.
शेजारचं कारखाना बंद पडून नऊ वर्सं झाली."
पेन अकराव्या रकान्यावर थांबलं.
माझे वडील जेकार्डवर होते.
वीज गेली, माग थांबले, की झोपेतून दचकून उठायचे,
काय झालं, काय झालं म्हणत.
त्यांना कुणी काही विचारलं नाही, कुठला रकाना नव्हता.
मी लिहिलं: चाळीस वर्षं मागाच्या भिंतीला भिंत. कान तपासावेत.

मगाशी सांगितलेले शब्द?
"रुपया," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही.
बाकावरून सिद्राम: "आंबा."
खुर्ची दोघांकडेही नव्हती.

सिद्रामला विचारलं, वय?
त्याने अक्काकडे बघितलं.
हे ठिकाण कुठलं?
"अक्काजवळ."
शहर?
"अक्काजवळ."
शाळेचा दाखला नाही, सिव्हिलचं प्रमाणपत्र नाही.
पण पानं भिजवतो, ती पुरेशी मऊ झाली की
कुणी न सांगता बादलीतून काढतो.
हे तिने सांगितलं, मी समासात उतरवलं.

नियम असा, की बाराव्यात 'हो' असेल
तर अर्ज दुसऱ्या संस्थेकडे.
दुसऱ्या संस्थेत जागा नाही,
हे फोनवर मला दोनदा सांगितलंय त्यांनी.

यल्लव्वा माझ्या पेनाकडे बघत होती.
"कारखान्यात मुनीम असाच बसायचा," म्हणाली.
"हजारातून शंभर-दीडशे छाट काढायचा.
छाटलेल्याचं पैसे न्हाईत.
पण ती बिडी परत पण द्यायचा न्हाई, बाई.
त्यी पण ओढतंच की कोण तरी."

मी पाणी मागवलं. आधी तिने त्याला पाजलं.

बाराव्यात मी 'हो' लिहिलं.
खोटं लिहिलं असतं तर पहिल्याच आठवड्यात
स्वयंपाकघरातून तक्रार आली असती,
आणि त्याला लागणारी मदतही कुणी दिली नसती.
खाली, अभिप्रायासाठी ठेवलेल्या दीड ओळीत
बारीक अक्षरात:
दोघांना एकच खोली द्यावी.
वेगळे केल्यास दोघांचीही तपासणी पुन्हा करावी लागेल,
कारण आज मी एकालाच तपासलं
की दोघांना, हे मला नीट सांगता येत नाही.

समिती शुक्रवारी बसते.
सचिवांना दीड ओळीपलीकडे वाचायची सवय नाही.

बुधवारी पहाटे साडेपाचला
आमच्या जुळे सोलापुरात नळ खरखरला, पाणी आलं.
मी घागर लावली आणि तशीच उभी राहिले.
अर्ज कपाटात होता, कपाटाची किल्ली आश्रमात,
आणि पहिल्या प्रश्नासमोर माझ्या अक्षरातलं शून्य.